चर्चमध्ये हातानं करायचा उपक्रम ठेवताय? मग या चुका टाळा

मी संडे स्कूल घेतो, म्हणजे रविवारी चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवतो. आमची मंडळी छोटी, साठ-सत्तर माणसं, बहुतेक शेतीवाले नाहीतर मजुरीवाले, त्यामुळं उपासनेत नुसतं ऐकण्यापेक्षा हातानं काही करायला मिळालं की लोक खुलतात हे पक्कं. पण करताना आम्ही जे घोळ घातले ते तुम्ही घालू नका, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी फजिती पेरणाऱ्याच्या दृष्टांताची, बायबलातलं मत्तय 13: बी वाटेवर, खडकाळ जागेत, काट्यांत अन् चांगल्या जमिनीत पडतं, पण पीक येतं ते फक्त चांगल्या जमिनीत. चार ट्रे घेतले. एकात वाटेवरची तुडवलेली माती, एकात मुरूम, एकात काटेरी झुडपं खोचलेली अन् एकात वावरातली काळी माती, आणि पोरांना सोयाबीन टाकायला लावलं. पुढच्या रविवारी बघतो तर मुरमातलं मस्त वर आलेलं अन् काळ्या मातीत काहीच नाही! ट्रेला खालून भोकं पाडली नव्हती आणि पोरांनी 'चांगल्या जमिनीला' लाडानं दुप्पट पाणी पाजलं, बी सडून गेलं. एक पोरगी विचारते, "सर, मंग चांगली जमीन कोणती?" मी गप्प. मागून एक आजोबा बोलले, "अरे बाबू, मुरमात असंच होते, लवकर येते अन् लवकर जाते, वचनात तेच त लिवलं हाय." पाचवं-सहावं वचन काढून पाहिलं तर खरंच, माती खोल नव्हती म्हणून लगेच उगवलं आणि ऊन लागल्यावर करपलं. मुरमाचा ट्रे व्हरांड्यात ठेवला, आठवडाभरात माना टाकल्या. त्या दिवशी संदेश आजोबांनीच दिला म्हणायचं. तर ट्रेला भोकं पाडा, पंधरा दिवस आधी घरी एकदा लावून बघा, अन् एकाच रविवारी उरकायचा हट्ट सोडा, तीन रविवार चालू द्या ना.

आणि हो, बी घरच्या डब्यातलं घ्या. कृषी केंद्रातल्या पिशवीतल्या गुलाबी-लाल रंगाच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं अन् लहान पोरं हात थेट तोंडात घालतात. कपाशीचं पाकीट तर आणूच नका.

दुसरी गोष्ट गुड फ्रायडेची. आपलं पाप कागदावर लिहायचं, घडी करायची आणि वधस्तंभावर खिळ्यानं ठोकायचं. कल्पना चांगली, पण वधस्तंभ बनवला वाळलेल्या बाभळीचा! खिळे वाकले, एका काकांच्या अंगठ्यावर हातोडी बसली, लाइन थेट दारापर्यंत गेली. आता आम्ही गिरमिटानं आधीच भोकं पाडून ठेवतो, हातोड्या दोन, वधस्तंभही दोन, एक बायांच्या बाजूला अन् एक माणसांच्या. आणि त्या वेळी कीबोर्ड बंद ठेवा बाप्पा, ठोकायचा तो आवाजच ऐकायचा असतो. कागद नंतर कोणी उघडून वाचणार नाही याचीही सोय करा, पाळकांनी, म्हणजे चर्चच्या पास्टरनी, सगळ्यांसमोर जाळले तर उत्तम, पण बाहेर अंगणात. आम्ही आत जाळले होते, अर्धी मंडळी खोकत बाहेर पळाली.

याच उपक्रमात माझी खरी चूक वेगळीच होती. मागच्या सतरंजीवर बसलेल्या आजीला मी कागद-पेन दिला. तिनं पेन उलटंसुलटं करून पाहिलं, पदरात धरून ठेवलं आणि नंबर आला तेव्हा पाणी प्यायला म्हणून बाहेर निघून गेली. तिला लिहिता येत नाही हे मला माहीत होतं, डोक्यातच आलं नाही. आता सगळ्यांनाच कागदाऐवजी सुतळीचा तुकडा देतो, मनातल्या मनात कबूल करायचं, एक गाठ मारायची अन् तो तुकडा खिळ्याला अडकवायचा. मास्तर असो की आजी, गाठ सगळ्यांना मारता येते.

मेणबत्त्यांचा उपक्रम असेल तर पंख्याचा विचार आधी करा. ईस्टरच्या आसपास इकडं पारा चाळिशीला टेकतो, पंखा बंद केला तर लोक उकडतात, चालू ठेवला तर मेणबत्ती विझते. रात्रीची उपासना अंगणात घ्या.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, शिंदीच्या पानांचे छोटे वधस्तंभ वळायचे असतील तर पानं शनिवारी संध्याकाळी काढून ओल्या गोणपाटात गुंडाळा, नाहीतर सकाळी वाळून कडक होतात आणि वळताना तुटतात. देठाजवळचे काटे मोठ्या माणसानं कोयत्यानं काढून टाकायचे, पोरांच्या हाती फक्त पानं द्यायची.