रोमन प्रांतिक नाणी जमवायची तर सुरुवात अलेक्झांड्रियापासून

रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडची शेकडो शहरं तिसऱ्या शतकापर्यंत स्वतःची नाणी पाडत होती. पुढे सम्राटाचा मुखवटा, मागे गावाची देवता, देऊळ किंवा डोंगर, आणि अक्षरं बहुधा ग्रीक. यांना प्रांतिक नाणी म्हणतात.

1. आधी एकच शहर धरा. सगळे सम्राट जमवायला निघालात तर हाती विस्कळीत ढीग उरेल. मी अलेक्झांड्रिया सुचवेन. इजिप्तमध्ये बाहेरचं नाणं चालत नसे, म्हणून तिथल्या टाकसाळीतून चार द्राख्मांची (द्राख्मा हे ग्रीक चलन) नाणी अमाप निघाली. आपल्याकडचे मिरे याच शहरातून रोमला जात, तरी भारतात सापडतात ती मुख्यतः रोमन सोन्याचांदीची नाणी. इजिप्तचं नाणं इजिप्तपुरतंच होतं.

2. वर्ष वाचायला शिका. खरी गोडी इथे आहे. मागच्या बाजूला रोमन एलसारखी खूण शोधा. तिचा अर्थ 'वर्ष'. पुढची ग्रीक अक्षरं म्हणजे आकडे: अल्फा 1, बीटा 2, आयोटा 10. आयोटा-बीटा दिसलं तर सम्राटाचं 12वं वर्ष. इजिप्तचं नवं वर्ष 29 ऑगस्टच्या सुमारास लागे आणि गादीवर आल्यापासून तिथपर्यंतचे महिने, कितीही थोडे असोत, पहिलं वर्ष धरत. नीरो इ.स. 54 च्या ऑक्टोबरमध्ये सम्राट झाला, म्हणजे त्याचं 12वं वर्ष 65-66. पहिलं नाणं असं स्वतः वाचलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

3. वजन करा, कड पाहा. नीरोचं नाणं 12-13 ग्रॅम भरतं. तिसऱ्या शतकाअखेरीचा सम्राट डायोक्लेशन याच्या काळातलं 7-8, आणि त्यात चांदी नावापुरती. भिंगातून कडेला सांधा किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर नाणं ठोकून पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं आहे, म्हणजे बहुधा नकली.

4. सूचीशी ताडा. 'रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज' या प्रांतिक नाण्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड 1992 मध्ये आला. तिची सूची इंटरनेटवर मोफत पाहता येते.

5. कागद मागा. नाणं आधी कुठल्या लिलावात वा संग्रहात होतं, हे विक्रेत्याला लेखी विचारा. तुर्कस्तानात फिरताना कुणी जुनं नाणं पुढे केलं तर घेऊ नका. ते देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे. आपल्याकडेही 1972 च्या कायद्याने 100 वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला बाहेर पाठवता येत नाही.

6. घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही नको. ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी धरली तर तो धातू खाणारा गंज; ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा.