सुरी विकत घेण्यासाठी वयाचा पुरावा: माझा अनुभव

इंग्लंडमधल्या लेस्टरला शिकायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी भाजी चिरायची सुरी, तांदूळ आणि मसूर घेऊन सुपरमार्केटच्या सेल्फ चेकआउटवर गेले. सुरीचा बारकोड वाचला जाताच वरचा दिवा लाल झाला. मी 24 वर्षांची असूनही पुण्याच्या महाविद्यालयाचे ओळखपत्र चालले नाही, मोबाइलमधला पासपोर्टचा फोटोही चालला नाही, आणि तिथल्या बाईंनी सुरी बाजूला ठेवून घेतली. लहानपणापासून विळीवर भाजी चिरत आलेल्या मला ते फार लागले.

नंतर नियम नीट वाचला. इंग्लंडमध्ये 1988 च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टनुसार 18 वर्षांखालील व्यक्तीला स्वयंपाकाची सुरी विकणे गुन्हा आहे; पण ‘चॅलेंज 25’, म्हणजे पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे पुरावा मागणे, ही दुकानांनी स्वतःहून स्वीकारलेली पद्धत आहे. चुकीच्या विक्रीबद्दल विकणाऱ्यावरही खटला होऊ शकतो, हे कळल्यावर त्या बाईंवरचा माझा राग गेला. मात्र लोणी लावायच्या बोथट सुरीलाही हाच निकष लावणे मला अतिरेकच वाटते.

ई-व्हिसा, म्हणजे फक्त ऑनलाइन नोंद असलेला व्हिसा, आल्यापासून परदेशी विद्यार्थ्याकडे निवासाचे कार्ड नसते आणि पासपोर्ट रोज पिशवीत बाळगणे धोक्याचे, म्हणून ओळखपत्र म्हणून वापरण्यासाठी मी प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, ड्रायव्हिंग लायसन्ससाठी अर्ज केला. गाडी शिकायची नसली तरी, किमान 185 दिवस राहण्याची परवानगी असल्यास ते मिळते. अर्जासाठी मूळ कागदपत्रे पाठवावी लागू शकतात, तेव्हा प्रवास ठरलेला असताना हे काम काढू नये. ‘पास’ (PASS) या वयाच्या पुराव्याच्या ब्रिटिश योजनेचा होलोग्राम असलेले वयाचे कार्डही बहुतेक दुकानांत चालते.

लायसन्स हाती आल्यावर मी त्याच दुकानातून तीच सुरी आणली.