विंडोज ११ टाकल्यावर नेट बंद? आधी आयपी पत्ता बघा
मेळघाट किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून सीपीयू उचलून तालुक्याला नेण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, वाय-फाय, ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’ उघडा आणि आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवरचा तुमच्या कॉम्प्युटरचा क्रमांक, म्हणजेच आयपी पत्ता) वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तिथेच ‘आयपी असाइनमेंट’ ऑटोमॅटिक (डीएचसीपी, म्हणजे राउटर आपोआप पत्ता देतो) करा, राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने लावा. तरीही तेच? जुना अँटिव्हायरस किंवा व्हीपीएन काढून बघा; अपग्रेडनंतर त्यांचे नेटवर्क फिल्टर अनेकदा अडून बसतात.

पत्ता १९२.१६८ चा आहे, पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) हाताने गूगलचा ८.८.८.८ द्या.

वाय-फायचा पर्यायच गायब झाला असेल, तर बहुधा ड्रायव्हर (वाय-फायचा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) गेला. मोबाइल यूएसबी केबलने जोडा, ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा आणि कॉम्प्युटर कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. त्याआधी ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (डेटा जपून वापरणारे) करायला विसरू नका, नाहीतर दिवसाचा डेटा विंडोज अपडेटच खाऊन टाकेल.

‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी. त्यात साठवलेले वाय-फाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी वहीत लिहून ठेवा.