स्मार्टवॉचमध्ये पाणी गेलं? वॉरंटी हातची घालवणाऱ्या या चुका टाळा

खोक्यावर निळ्या पाण्यात पोहणाऱ्या माणसाचं चित्र आणि शेजारी ठळक ‘५ एटीएम’ किंवा ‘आयपी६८’. त्याच खोक्यातल्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाणार नाही. दोन्ही कागद एकाच कंपनीचे. घड्याळ बंद पडेपर्यंत आपण दुसरा कागद वाचत नाही, आणि बंद पडल्यावर सर्व्हिस सेंटर पहिल्या कागदाचं नाव काढत नाही.

या भांडणात ग्राहकाची बाजू वाटते तितकी लंगडी नसते. ती लंगडी होते पाणी गेल्यावर घरी केलेल्या उद्योगांमुळे आणि काउंटरवर न वाचता केलेल्या सहीमुळे. म्हणून आधी घड्याळात पाणी का शिरतं ते समजून घेऊ आणि मग क्लेमकडे वळू. पहिलं नीट कळलं नाही, तर दुसऱ्यात काय बोलायचं तेच सुचत नाही.

खोक्यावरचा आकडा म्हणजे परवानगी, असं समजणं

आयपी६८ मधला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. पाण्याचा आकडा ७ असेल तर १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून चाचणी झालेली असते. ८ असेल तर कसोटी त्याहून कडक असते, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच ठरवते. त्यामुळे आयपी६८ लिहिलेली दोन घड्याळं पाण्यात सारखीच टिकतील असं नाही. तुमच्या मॉडेलची अट माहितीपुस्तिकेत शोधावी लागते. ही चाचणी नव्याकोऱ्या घड्याळावर, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. आणखी एक बारकावा फार कमी लोकांना माहीत असतो: बुडवण्याची चाचणी पास झालेलं घड्याळ जोरदार फवाऱ्याच्या चाचणीतही पास झालंय, असं हे मानक धरत नाही. फवाऱ्याचे आकडे वेगळे आहेत, ५ आणि ६. धबधब्याखाली उभं राहणं, रंगपंचमीची पिचकारी, बाथरूममधला जेट हे सगळं फवाऱ्यात मोडतं.

५ एटीएम हा दाबाचा आकडा आहे. १ एटीएम म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा दाब, म्हणून ५ एटीएमला ‘५० मीटर’ म्हणतात. तेवढ्या खोल डुबकी मारा, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. अ‍ॅपल वॉच सिरीज २ पासूनच्या घड्याळांना ५० मीटरचा दर्जा आहे, तरी तलावात किंवा समुद्रात उथळ पोहण्यापुरतंच वापरा, स्कूबा आणि वॉटर स्कीइंगला नको, असं अ‍ॅपल स्वतः सांगते. स्कूबासाठी १०० मीटर दर्जाचं अल्ट्रा मॉडेल आहे आणि त्यालाही ४० मीटरची मर्यादा घातली आहे. तारकर्लीला स्कूबा करायला निघालात किंवा गोव्यात जेट स्की घेणार असाल, तर साधं स्मार्टवॉच किनाऱ्यावरच्या बॅगेत ठेवा.

गरम पाण्याची अंघोळ

माझ्या मते सर्वांत जास्त घड्याळं इथेच वाया जातात, कारण अंघोळीला कुणी ‘पाण्यात जाणं’ मानतच नाही. बुडवण्याच्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात फारसा फरक ठेवत नाहीत. आयपीएक्स७ च्या, म्हणजे पाण्याचा आकडा ७ असलेल्या चाचणीत तर हा फरक ५ अंशांहून जास्त चालत नाही. गीझरचं कढत पाणी त्या चौकटीत बसतच नाही. उष्णतेने काच धरून ठेवणारा गोंद आणि रबरी सील हळूहळू सैल होतात. वाफ पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी बारीक फटीतून आत शिरते आणि बाहेर एसीच्या गारव्यात आल्यावर काचेच्या आतल्या बाजूला दव बनून बसते. उलटही होतं. उन्हात तापलेलं घड्याळ एकदम थंड धबधब्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढते.

साबण आणि शाम्पू याहून वाईट. स्पीकर आणि मायक्रोफोनच्या भोकांमागे पाणी अडवणारी बारीक जाळी किंवा पडदा असतो. साध्या पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे त्यावर अडून राहतो. साबणाने तो ताण कमी होतो आणि तेच पाणी सहज पार होतं. सनस्क्रीन, परफ्यूम, डासांचं क्रीम हेही सीलला बाधतात.

समुद्राचं पाणी, तलावातलं क्लोरीन आणि घाम यांचं तंत्र वेगळं आहे. ते सुकल्यावर मागे राहतात आणि चार्जिंगच्या पिना खातात. पोहून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्यात हलकेच धुवा, कोरडं पुसा आणि मगच चार्जरवर ठेवा. ओल्या पिनांना वीज मिळाली की त्या गंजतात, आणि हिरवट-काळी झालेली पिन दिसली की सर्व्हिस सेंटरला नकार द्यायला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

‘वॉटर लॉक’ लावलं म्हणजे झालं

वॉटर लॉकने घड्याळ जराही जास्त जलरोधक होत नाही. पाण्याच्या स्पर्शाने स्क्रीनवर भलतीच बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून तो स्पर्श बंद करतो, एवढंच. अ‍ॅपल वॉचमध्ये तो बंद करताना स्पीकर आवाज काढून स्वतःत साचलेलं पाणी बाहेर फेकतो. सीलपलीकडे, सर्किटपर्यंत पोचलेल्या पाण्यावर त्याचा काही उपयोग नाही.

जुनं घड्याळ, पडलेलं घड्याळ आणि गल्लीतल्या दुकानात उघडून बॅटरी बदललेलं घड्याळ, या तिघांवर खोक्यावरचा आकडा लागू नाही असं धरून चाला. जलरोधकता कायमची नसते, हे बहुतेक कंपन्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवतात.

पाणी गेल्यावर तांदळाच्या डब्यात

तांदूळ आतलं पाणी ओढत नाहीत. उलट त्यांची पूड आणि स्टार्च भोकांत जाऊन बसतो. हेअर ड्रायरने गोंद मऊ होतो आणि पाणी आणखी आत ढकललं जातं. जोरात झटकल्याने कोपऱ्यातला थेंब सर्किटवर पसरतो. ‘चालू होतंय का’ म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबणं आणि चार्जरवर लावून बघणं ही सर्वांत महागडी चूक, कारण निव्वळ ओलावा कधीकधी सुकून जातो, पण ओलाव्यात वीज फिरली की सर्किट जळतं.

मग करायचं काय? घड्याळ चालू असेल तर आधी काचेमागच्या वाफेचा फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा, त्यात तारीख-वेळ दिसू द्या. घड्याळ सुकलं की हा पुरावाही सुकून जातो. चारी बाजूंचे फोटो काढा, म्हणजे काचेला तडा किंवा कडेला ठोकर नव्हती हे दिसेल. मग बंद करा, पट्टा काढा, मऊ कापडाने टिपून घ्या. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, स्पीकरची बाजू खाली करून ठेवा. घड्याळ तापत असेल किंवा पाठ फुगलेली वाटत असेल तर डब्यात ठेवू नका. बॅटरी बिघडलेली असू शकते. ते जळाऊ वस्तूंपासून लांब, मोकळ्यावर ठेवा. एक गोष्ट काही झालं तरी करू नका: उघडू नका आणि उघडू देऊ नका. बाहेर कुठे उघडलेलं घड्याळ म्हणजे वॉरंटीवर स्वतःच मारलेली फुली.

काउंटरवर अंदाज सांगणं आणि कोऱ्या जॉबशीटवर सही करणं

सर्व्हिस सेंटरला पोचल्यावर घाईत आपण म्हणतो, ‘पाणी गेलंय बहुतेक.’ जॉबशीटवर, म्हणजे घड्याळ जमा करताना भरतात त्या कागदावर, लगेच ‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार पाण्याने नुकसान’ असं चढतं आणि विषय तिथेच मिटतो. निदान करणं त्यांचं काम. तुम्ही लक्षण सांगा आणि घडलं तेवढंच सांगा: घड्याळ कधी घेतलं, काय करत होतात, पाणी कसलं होतं, किती वेळ, आणि आता काय होतंय. खोटं मात्र बोलू नका. घड्याळात ओलावा टिपणारा छोटा पांढरा ठिपका असू शकतो, जो भिजला की लाल-गुलाबी होतो. मिठाचे आणि साबणाचे थरही उघडल्यावर दिसतात. पाण्याशी संबंधच आला नाही असं सांगून नंतर ते उघड झालं, तर तुमची खरी बाजूही कुणी ऐकून घेणार नाही.

जॉबशीटवर घड्याळाची बाहेरची अवस्था लिहून घ्या: काच शाबूत, तडा नाही, फक्त अमुक ठिकाणी चरा. ती प्रत तुमच्याकडे हवी. दुरुस्तीचा खर्च मान्य असल्याची ओळ आधीच छापलेली असेल तर तिथे ‘अंदाजपत्रक कळवून मंजुरी घ्यावी’ असं लिहूनच सही करा.

नकार आला तर तो तोंडी घेऊ नका. ‘लिक्विड डॅमेज’ हे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे. आत पाणी सापडलं हे मान्य, प्रश्न आहे ते कुठून शिरलं. बाहेरून तडा नसताना, सांगितलेल्या मर्यादेत वापरूनही पाणी आत गेलं असेल, तर सील सदोष असण्याची शक्यता उरतेच. ईमेलवर तीन गोष्टी मागा: उघडल्यावर काढलेले आतले फोटो, नकार वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली दिला ते, आणि सीलची तपासणी केली का ते.

इथे कायदा तुमच्या बाजूला उभा राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या करताना कायद्याने किंवा कराराने ठरलेल्या दर्जाबरोबरच विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावाही धरला आहे. खोक्यावरचं पोहणाऱ्याचं चित्र, वेबसाइटवरचं ‘स्विमप्रूफ’, जाहिरातीतला धबधबा हे सगळे दावेच. म्हणून खरेदीच्या दिवशीच उत्पादनाच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ती पानं बदलतात. परदेशातही हा विसंगतीचा मुद्दा कंपन्यांना महागात पडला आहे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये अ‍ॅपलला १ कोटी युरोचा दंड केला. आयफोनच्या जलरोधकतेची जाहिरात करायची आणि पाण्याने बिघडलेल्या फोनला वॉरंटी नाकारायची, यावर त्यांनी बोट ठेवलं. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये काही गॅलेक्सी फोनच्या पाण्याविषयीच्या जाहिरातींसाठी सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. हे निकाल फोनचे आहेत आणि आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण युक्तिवाद तोच आहे.

पायऱ्या अशा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. ऑनलाइन घेतलं असेल तर विक्री करणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे नोंद होऊन तक्रार कंपनीकडे जाते. बरीच प्रकरणं ग्राहक आयोगापर्यंत न जाता तिथेच सुटावीत, हाच या हेल्पलाइनचा हेतू आहे. तरी जमलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. दोष आहे की नाही हे तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, म्हणून बिघडलेलं घड्याळ रागाच्या भरात एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका.

मात्र काच आधीच तडकलेली होती किंवा रोज शाम्पूची अंघोळ घड्याळासकट होत होती, तर हा लढा लढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे कंपनीचा नकार रास्त आहे.

एक्स्टेंडेड वॉरंटीला विमा समजणं

दुकानात बिल करताना ‘वर्षभर जास्त वॉरंटी’ म्हणून जी योजना गळ्यात पडते, ती सहसा पहिल्या वर्षाचीच वॉरंटी पुढे ओढते. पहिल्या वर्षी पाणी वगळलेलं असेल तर दुसऱ्या वर्षीही वगळलेलंच. पाण्यासाठी हवं ते ‘अ‍ॅक्सिडेंटल अँड लिक्विड डॅमेज’ संरक्षण. अ‍ॅपलकेअर प्लस किंवा सॅमसंग केअर प्लस या त्या जातीच्या योजना. त्या खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घेता येतात आणि क्लेमच्या वेळी काही रक्कम आपल्याला भरावी लागते. घड्याळ महागडं असेल आणि तुम्ही नियमित पोहत असाल तर ही योजना घ्या. स्वस्तातल्या घड्याळाला तिचा खर्च परवडत नाही.

दुबईहून मामांनी आणलेल्या घड्याळाचं बिल मागून घ्या आणि भारतात वॉरंटी चालते का ते ब्रँडच्या वेबसाइटवर सिरीयल नंबर टाकून बघा. अनेक वॉरंट्या देशापुरत्या असतात. इथेच घेतलेलं, पण बिल भावाच्या नावावर असलेलं घड्याळ असेल तर काळजी नको. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच ठरतो.

घड्याळ दुरुस्त होऊन परत मिळालं की ते घेण्याआधी एक गोष्ट लिहून मागा: सील नवीन बसवलं का आणि आधीचा आयपी किंवा एटीएम दर्जा कायम आहे का. ‘नाही’ असं उत्तर आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर ते घड्याळ बेसिनवर हात धुण्यापुरतंच ओलं होऊ द्या. त्या ईमेलची प्रत बिलासोबत ठेवा, कारण दुरुस्तीनंतर पुन्हा पाणी शिरलं तर पहिला प्रश्न सीलचाच येईल.