जुना कुत्रा गेल्यावर नवा दत्तक घेताय? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत कुत्र्याला तसा जुना मान आहे. होळकरांचं कुलदैवत मल्हारी मार्तंड, आणि खंडोबाबरोबर कुत्रा असतोच. चंपाषष्ठीला त्यालाही नैवेद्य दाखवणारी घरं आहेत. त्यामुळे घरातला मोती गेला की शेजारच्या काकू महिन्याभरात विचारतातच, "दुसरा कधी आणताय?" आणायला हरकत काहीच नाही. बहुतेक गडबड होते ती गेलेल्याच्या जागी येणाऱ्याला बसवताना.

सगळ्यात आधी, नव्याला मोतीच म्हणू नका. नाव तेच ठेवलं की अपेक्षाही त्याच राहतात. मोती आल्यागेल्यावर भुंकायचा नाही, मोती कधी घरात शू करायचा नाही, हे दिवसातून दहादा ऐकू येतं. बारा वर्षं माणसांत राहिलेला कुत्रा आणि कालपर्यंत पंख्याचा आवाजही न ऐकलेलं गल्लीतलं पोर यांची तुलना कशाला? मुलांना "आपला मोती परत आला" असं सांगणं तर मला अजिबात पटत नाही. मोती मेला, हे सरळ सांगा. मुलं रडतात, मग त्याचे फोटो काढून बसतात, आणि ते बरंच आहे.

आठवण म्हणून जपलेली गादी, भांडं, पट्टा नव्याला देण्याआधी मात्र थांबा. जुना वयाने किंवा हृदयविकाराने गेला असेल तर धुऊन द्या. पण तो पार्वोने गेला असेल, म्हणजे उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन, तर गादी फेकून द्या. पार्वोचा विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने टिकतो, आणि आपल्या नेहमीच्या फिनाइलला तो दाद देत नाही. आधी फरशी साबणाने घासून घ्या. मग 1 भाग घरगुती ब्लीचमध्ये 30 भाग पाणी मिसळून ते फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या. अंगणातल्या मातीला हा उपाय लागू पडत नाही. म्हणून अशा घरात पिल्लू आणूच नका, लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा आणा. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या जीवघेण्या आजाराचा विषाणू त्या मानाने बाहेर फार टिकत नाही. जुन्याची फाइल डॉक्टरांना दाखवा, म्हणजे कशाची काळजी घ्यायची ते तेच सांगतील.

गल्लीतला कुठलाही कुत्रा उचलून आणणं म्हणजे रेस्क्यू नव्हे. कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे. 2023च्या एबीसी, म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्याला रेबीजची लस देऊन त्याच्याच जागी परत सोडतात. तिथे तो सुखात असेल तर राहू द्या. घराची गरज जखमी, म्हाताऱ्या आणि टाकून दिलेल्या कुत्र्यांना जास्त असते. पिल्लू हवं असेल तर ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच असू द्या.

घरी आणल्या दिवशी अंघोळ नको, कॉलनीला दर्शनही नको. तो पलंगाखाली शिरला तर ओढून काढू नका, पाणी जवळ ठेवा आणि आपापली कामं करा. मोठा कुत्रा पहिला दिवस जेवला नाही तर घाबरू नका. पिल्लू जेवत नसेल, किंवा उलट्या-जुलाब असतील, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोचीड दिसली म्हणून गुरांचं औषध अंदाजाने चोळू नका, आणि ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या इंदुरी लाडापासूनच त्याला जपावं लागतं. पोह्यातला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्याचा त्रास काही दिवसांनी दिसतो, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर पोहे कुणाच्या लक्षातही नसतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक. मोती आयुष्यभर पोहे खायचा, हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. ते मोतीचं नशीब होतं.

लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनी. लस व्हायच्या आधी कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. पिल्लूच तर आहे, असं म्हणून घरी बसू नका.

आणि मुहूर्त. दिवाळीच्या किंवा रंगपंचमीच्या तोंडावर आणू नका. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते त्या दिवशी भोंगे आणि गर्दी जुन्या कुत्र्यांनाही सोसत नाही. नवा तर दार उघडं दिसलं की पळेल, आणि परतीची वाट त्याला ठाऊक नसेल. पहिले काही आठवडे नुसत्या गळपट्ट्यावर भिस्त ठेवू नका, घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून त्यातून सहज निसटतो. छातीला बसणारा हार्नेस घ्या, त्यावर फोन नंबर लिहा, आणि फाटकाची कडी मुलांच्या हाती सोडू नका.