तापाचा दिवस मोजा: रक्ततपासणी आणि जखमेबाबत या चुका टाळा

पावसाळ्यात आमच्या लॅबच्या खिडकीशी रोज एकदा तरी हे वाक्य कानावर येतं: "दादा, काल रात्रीपासनं ताप हाय, डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो सगळं बघून टाका." सुई हातात घ्यायच्या आधी मी विचारतो, ताप नेमका कधी आला? बहुतेकांना सांगता येत नाही. सांगलीत रक्त तपासण्यात माझी अठरा वर्षं गेली. तापाची तारीख माहीत नसेल तर तो रिपोर्ट मला अर्धवट वाटतो.

कारण पांढऱ्या पेशी दोन पाळ्यांत काम करतात. पहिल्या पाळीतल्या न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पेशी जंतू शिरल्यावर काही तासांतच भिडतात. जिवाणूच्या भिंतीतला विशिष्ट रेणू, त्याच्या शेपटीतलं प्रथिन, अशा आपल्या शरीरात कधीच नसणाऱ्या वस्तू ओळखण्याची सोय त्यांच्यात जन्मापासून असते. "परका आला" एवढं त्यांना कळतं, पण नेमका कोण आला हे कळत नाही. ते ओळखणं दुसऱ्या पाळीतल्या लिम्फोसाइटचं काम. प्रत्येक लिम्फोसाइटला एकाच आकाराची खूण ओळखता येते. आलेल्या जंतूशी जुळणाऱ्या पेशी लाखांत मोजक्याच असतात. त्या सापडायच्या, त्यांच्या हजारो व्हायच्या आणि मग अँटिबॉडी, म्हणजे त्या जंतूलाच चिकटणारी प्रथिनं, बनायची, यात पाच ते सात दिवस जातात.

पहिल्याच दिवशी अँटिबॉडी शोधणं

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. डेंग्यूची आयजीएम अँटिबॉडी साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागते. त्याआधी एनएस-१ तपासणी करायची असते, कारण ती विषाणूचंच प्रथिन शोधते. टायफॉइडची विडाल ही अँटिबॉडी शोधणारी तपासणी पहिल्या आठवड्यात अनेकदा निगेटिव्ह येते, उलट जुन्या संसर्गामुळे कधी खोटी पॉझिटिव्हही दिसते. पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून बघण्याची तपासणी, घेणं जास्त उपयोगाचं.

खरं नुकसान पैशांपेक्षा मोठं असतं. दुसऱ्या दिवशीचा "निगेटिव्ह" कागद घरच्यांना निर्धास्त करतो. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि डेंग्यूत नेमका तोच काळ जपायचा असतो. पोटात जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, तर कागदाकडे बघत बसू नका, दवाखाना गाठा. डेंग्यूची शंका असेल तोवर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनही मनानं घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचं, आणखी वेगळं. कृष्णा आयर्विन पुलाशी चढू लागली की आम्हाला २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवतात. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि भेगाळलेल्या पायांतून लेप्टोचे जिवाणू आत शिरतात. या जिवाणूच्या भिंतीतला रेणू असा आहे, की तो ओळखण्याचं पेशींवरचं नेहमीचं जे ग्राहक-प्रथिन (रिसेप्टर) आहे, त्याला माणसात तो पकडता येत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांना मात्र येतो. म्हणजे आपल्या पहिल्या पाळीचं एक नजरेचं ठिकाण इथे आंधळंच राहतं. म्हणून पुराच्या पाण्यात किंवा तुंबलेल्या शेतात चालला असाल आणि ताप आला, पिंढऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. अशा वेळी रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करावे लागतात.

"पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत, म्हणजे काही नाही"

दर मायक्रोलिटरला ४,००० ते ११,००० हा आकडा बघून लोक निश्चिंत होतात. पण डेंग्यूत हा आकडा उतरतो, टायफॉइडमध्येही बरेचदा उतरतो. म्हाताऱ्या माणसाला गंभीर संसर्ग असूनही कधी ना ताप दिसतो, ना आकडा. मी काचेवर रक्ताचा थेंब पसरून, लीशमन रंग देऊन बघतो तेव्हा आकड्यात न दिसणारं दिसतं. निरोगी न्यूट्रोफिलचं केंद्रक तीन-चार गाठींच्या माळेसारखं असतं. जोराचा संसर्ग असला की अस्थिमज्जेतून कच्च्याच पेशी बाहेर पडतात, त्यांचं केंद्रक घोड्याच्या नालासारखं वाकलेलं, आणि आत गडद ठिपके. एकूण आकडा नॉर्मल असला तरी असं दिसलं की मी डॉक्टरांना फोन करतो. रिपोर्टच्या खाली शेऱ्याची जी ओळ असते, ती वाचत चला.

जखमेत हळद भरणं आणि अवधाण चोळणं

माझ्या वडिलांच्या पायात ज्वारीचं धसकट घुसलं होतं. घरच्यांनी डब्यातली हळद दाबून भरली आणि वर चिंधी बांधली. तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आलं, तर शेजारच्या काकांनी तेल लावून ते जोरजोरात चोळलं. मी गावी पोचलो तोवर पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता.

हळदीची पेठ म्हणून सांगलीचं नाव आहे, आणि हळदीचा मान मलाही आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. खोल जखम वरून बुजवली की आत हवा पोचत नाही, आणि धनुर्वाताच्या जिवाणूला हेच हवं असतं. जखम वाहत्या पाण्यानं साबण लावून धुवा, आत राहिलेली काडी डॉक्टरांकडून काढून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. या जिवाणूचं विष इतक्या कमी मात्रेत मारक आहे, की लिम्फोसाइटना ते लक्षात ठेवण्याइतकंही मिळत नाही. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालासुद्धा लस घ्यावीच लागते.

आणि अवधाण म्हणजे दोन पाळ्यांची भेट आहे. जखमेतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूचा तुकडा घेऊन जांघेतल्या गाठीत येतात आणि लिम्फोसाइटना दाखवतात. या पेशी राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये जगापुढे आणल्या. २०११ चं वैद्यकाचं नोबेल निम्मं त्यांना आणि निम्मं पहिल्या पाळीची ओळखपद्धत उलगडणाऱ्या ब्यूटलर आणि हॉफमन यांना मिळालं. गाठीत पेशी वाढतात म्हणून ती सुजते, दुखते. तिला चोळू नका, जखम बघा. जखम भरूनही गाठ दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली, किंवा न दुखता वाढत गेली, तर दाखवा, तिथे क्षयरोगही असू शकतो.

ताकद वाढवण्याच्या पुड्या

प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणणाऱ्या पुड्यांवर पैसे घालवू नका. पेशींना ओळख पटायला हवी, नुसता जोर वाढून उपयोग नाही. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, माणूस दगावतो तो बरेचदा शरीराच्या स्वतःच्याच बेफाम प्रतिसादानं. झोप, पोटभर प्रथिनं आणि वेळेवर लस, यावर खर्च करा.

कुत्रं चावल्यावर फक्त लस घेणं

रेबीजची लस घेतल्यावर पुरेशा अँटिबॉडी बनायला एक ते दोन आठवडे लागतात. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर तेवढे दिवस मोकळे ठेवता येत नाहीत. म्हणून तयार अँटिबॉडी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत टोचतात. चावल्याबरोबर पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवा, मिरची-चुना लावू नका, आणि दवाखान्यात तोंडानं विचारा, "जखमेतलं इंजेक्शन दिलं का?" ते पहिल्याच दिवशी मिळायला हवं. राहून गेलंच, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी येऊ लागलेल्या असतात.