ग्रेडचा आकडा वाचण्याआधी नाणं फिरवून बघा

नाण्याची स्थिती किती चांगली आहे, हे आकड्यात (म्हणजे ग्रेडमध्ये) सांगणारी शेल्डन मापनपट्टी १ ते ७० अशी आहे आणि ६० पासून पुढचं नाणं चलनात न झिजलेलं मानतात. पण एकाच ग्रेडची दोन नाणी दिसायला सारखी असतीलच असं नाही. १८६२ चा व्हिक्टोरिया रुपया घ्या. ओरखडा राणीच्या गालावर असेल तर नजर तिथेच अडकते. तेवढाच ओरखडा कपड्यांवरच्या नक्षीत असेल तर पटकन दिसतही नाही. मी दुसरा घेईन, चार पैसे जास्त देऊन.

नाणं एकाच दिव्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवा. मूळ चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. घासलेलं नाणं नुसतंच सपाट चमकतं आणि भिंगातून बारीक समांतर रेघा दिसतात. म्हणूनच नाशिकच्या सराफ बाजारात कुणी ‘उजळून देतो’ म्हणालं, तर कृपा करून नको म्हणा. गेलेली चकाकी परत येत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला सापडलेल्या जुन्या साठ्यातल्या नाण्यांना मात्र चेहऱ्यावरच्या खुणेचा नियम लावू नका. तिथे बऱ्याच नाण्यांवर क्षत्रप राजा नहपानाच्या चेहऱ्यावर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा उमटलाय. चेहरा बिघडला असला, तरी ते नाणं मोलाचं आहे ते त्या दुसऱ्या ठशामुळेच.